गाळलेलं ‘म्हणे’

रोज एक नवीन गोष्ट शिकवणारं एखादं तरी ॲप, चॅनेल किंवा ग्रुप आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असतो. सोमवारी इतिहास, मंगळवारी विज्ञान, बुधवारी भूगोल, गुरुवारी संस्कृती. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. शुक्र स्वतःभोवती एक फेरी मारतो तोवर त्याचं सूर्याभोवतीचं वर्ष संपूनही गेलेलं असतं. क्लिओपात्राचा काळ गिझाच्या पिरॅमिडपेक्षा माणूस चंद्रावर उतरला त्या दिवसाला जास्त जवळचा आहे. वाचायला अर्धं मिनिट लागतं, डोक्यात एक बारीक दिवा लागतो आणि आपण पुढे सरकतो.

तो दिवा मला आवडतो. त्याची टिंगल करायला मी बसलेलो नाही. पण साधा हिशोब करून बघा. रोज एक म्हणजे वर्षाला ३६५, दहा वर्षांत साडेतीन हजारांच्या वर. एकही दिवस न चुकवता हे करणारा माणूस दहा वर्षांनी काय झालेला असेल?

बहुश्रुत, असं उत्तर चटकन सुचतं. पण या शब्दाची फोड करून पाहिली तर तो फार प्रामाणिक शब्द आहे. बहुश्रुत म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकलंय तो. त्याला पुष्कळ कळलंय का, हा प्रश्न शब्दाने मोकळाच ठेवलाय. मला त्या मोकळ्या जागेबद्दल लिहायचंय. एखादी गोष्ट ‘मला माहीत आहे’ असं म्हणताना आपण नक्की कशाची हमी देत असतो? आणि ती हमी द्यायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

यासाठी एकच गोष्ट घेऊ या. आपल्याकडे ती दरवर्षी १८ ऑगस्टच्या आसपास फोनवर येते: ‘तुम्हाला माहीत आहे का? हेलियम वायूचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. १८ ऑगस्ट १८६८ रोजी सर नॉर्मन लॉकियर यांनी किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहणाचं निरीक्षण केलं.’ खाली किल्ल्याचा फोटो. इतिहास, विज्ञान, भूगोल आणि संस्कृती, चारही वार एकाच मेसेजमध्ये.

ही गोष्ट तपासायला सुरुवात करताना पुस्तकंसुद्धा लागत नाहीत, कॅलेंडर पुरतं. ऑगस्टचा मध्य आणि कोकण. त्या दिवसांत विजयदुर्गात सूर्य दिसणं हीच बातमी असते. ग्रहण बघायला हजारो मैलांवरून दुर्बिणी घेऊन येणारा माणूस ऐन पावसाळ्यात कोकणचा किनारा कशाला निवडेल? एवढ्याने मेसेज खोटा ठरत नाही, पण त्याला थांबवून दोन प्रश्न विचारावेत इतपत शंका नक्की येते.

आता नोंदींकडे वळू या. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास ग्रहण झालं हे खरं. त्याची सावली एडनकडून येऊन भारत ओलांडून सयामकडे गेली. खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या तांबूस ज्वाळांवर पहिल्यांदाच वर्णपटमापक रोखला गेला तो या ग्रहणात. हे यंत्र प्रकाशाची फोड करून तो कुठल्या मूलद्रव्याचा आहे ते सांगतं, आणि ही युक्ती तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होती. फ्रान्सचा पिएर जान्सेन गुंटूरला होता. ब्रिटिशांची एक तुकडीही तिथेच होती. मद्रास वेधशाळेचा प्रमुख नॉर्मन पॉगसन मच्छलीपट्टणला होता. जॉन हर्शेल नावाचा लेफ्टनंट पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होता. ज्वाळांच्या प्रकाशात ठळक रेषा दिसल्या, म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या होत्या. त्यात एक पिवळी रेषही होती. सोडियमच्या रेषा पिवळ्याच असतात, त्यामुळे बऱ्याच जणांनी ती सोडियमच्या खात्यात जमा केली.

आणि लॉकियर? तो त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. तो युद्धखात्यात कारकून होता आणि खगोलशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा छंद. ग्रहणाशिवायही या ज्वाळांचा वर्णपट दिसू शकेल अशी त्याची अटकळ होती, पण मागवलेलं यंत्र कारागिराकडून वेळेत आलं नाही. ते आलं ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने भर उजेडात, ग्रहण नसताना, त्या रेषा पाहिल्या. जान्सेनने हीच युक्ती गुंटूरला ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी साधली होती. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं.

लॉकियरच्या लक्षात आलं की ती पिवळी रेष सोडियमच्या जागेवर नाही. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात आणि ही ५८७.६ च्या आसपास. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंडबरोबर त्याने प्रयोगशाळेत हायड्रोजनवर दाब बदलून, तापमान बदलून ती रेष काढायचा प्रयत्न केला. निघाली नाही. मग त्याने म्हटलं की हे पृथ्वीवर न सापडलेलं मूलद्रव्य असावं. ग्रीक भाषेत सूर्य म्हणजे हेलिऑस, म्हणून हेलियम. बऱ्याच रसायनशास्त्रज्ञांना हे पटलं नाही. एका रेषेवर मूलद्रव्य उभं करायचं हे त्यांना जरा जास्तच वाटलं. २७ वर्षांनी, १८९५ मध्ये, विल्यम रॅम्से क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून निघालेला वायू तपासत होता. तो शोधत होता आर्गॉन. त्याला दिसली ती पिवळी रेष.

मग विजयदुर्ग कुठून आला? तोही खराच आहे. २२ जानेवारी १८९८ ला भारतातून आणखी एक खग्रास ग्रहण दिसलं आणि त्यासाठी लॉकियर खरोखर विजयदुर्गावर आला. जानेवारीत, स्वच्छ आभाळाखाली. मेल्पोमेनी या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते. किल्ल्यावर आजही ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. पण तोवर हेलियम सूर्यावर ओळखला जाऊन तीस वर्षं झाली होती आणि पृथ्वीवर सापडून तीन.

म्हणजे त्या मेसेजमधला प्रत्येक मणी अस्सल आहे. किल्ला खरा, साहेब खरा, ग्रहण खरं, तारीख खरी, हेलियम खरा. फक्त ओवताना १८६८ आणि १८९८ यांच्यातली तीस वर्षं गळून पडली. निव्वळ थापा फार काळ टिकत नाहीत. खऱ्या वस्तूंची चुकीची माळ मात्र वर्षानुवर्षं टिकते, कारण कुठलाही एक मणी उचलून पाहिला तर तो खराच निघतो.

यात मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. हा मेसेज आपण अभिमानाने पाठवतो. पण त्यात अभिमानाचं कारण काय, तर एक इंग्रज साहेब आपल्या किल्ल्यावर उभा होता. त्याच १८ ऑगस्ट १८६८ ला आजच्या तेलंगणातल्या वनपर्तीला मद्रास वेधशाळेची एक तुकडी ग्रहण पाहत होती आणि तिचे प्रमुख होते चिंतामणी रघुनाथाचारी. आदल्याच वर्षी त्यांनी आर रेटिक्युली या ताऱ्याचं तेज कमीजास्त होतं हे शोधून काढलं होतं. आणि १८९८ च्या ग्रहणाला, लॉकियर विजयदुर्गावर होता त्याच दिवशी, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आपली यंत्रं मांडून बसले होते. त्यांनी त्या ग्रहणाचा सविस्तर अहवाल छापला. ते कॉलेज म्हणजे आजचं सीओईपी. तिथून दरवर्षी शेकड्यांनी इंजिनियर बाहेर पडतात. नायगमवालांचं नाव त्यांतल्या किती जणांच्या कानावर गेलं असेल?

फुकट मिळालेला अभिमान असा महाग पडतो. ज्यांचा अभिमान बाळगायला खरंच जागा होती, ती माणसं त्याच्या मागे झाकली जातात.

इथे कुणीही मला अडवावं असं मला वाटतं. कारण वरचे चार-पाच परिच्छेद तुम्ही कशाच्या जोरावर खरे मानलेत? मी १८६८ मध्ये गुंटूरला नव्हतो. मीही वाचूनच लिहितोय. मग माझं सांगणं आणि तो मेसेज यांत फरक काय?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. न्यायदर्शनाने ज्ञान मिळवायची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मी स्वतः पाहिलं ते प्रत्यक्ष. धूर दिसला म्हणून आग असणार, कोकणात ऑगस्ट आहे म्हणून ढग असणार, हे अनुमान. आधी माहीत असलेल्या वस्तूशी साम्य पाहून नवी ओळखली, ते उपमान. आणि दुसऱ्याने सांगितलं म्हणून कळलं तो शब्द. चार्वाकांनी प्रत्यक्षाखेरीज बाकीचं उडवून लावलं. त्यांचा मोह समजू शकतो, पण त्यांच्या नियमाने मला माझा वाढदिवससुद्धा कळायचा नाही. तो मला आईने सांगितलाय. आपल्या डोक्यातला बहुतेक ऐवज शब्दप्रमाणाचाच असतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फक्त नैयायिकांनी त्याला एक अट घातली होती. शब्द कुणाचाही चालत नाही, आप्ताचा लागतो. इथे आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट स्वतः नीट ठाऊक आहे आणि जी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. म्हणजे दोन अटी झाल्या, एक जाणकारीची आणि एक हेतूची. फॅमिली ग्रुपवरचे काका आपले आप्त असतात, पण या अर्थाने नसतात. त्यांचा हेतू निर्मळ असतो, पहिली अट मात्र पुरी होत नाही. आणि काकांना कुणी पाठवलं, त्यांना कुणी, असं मागे जायला वाटच ठेवलेली नसते.

मी ज्या धंद्यात आहे तिथे या वाटेला फार किंमत आहे. कोडच्या कुठल्याही ओळीवर ‘गिट ब्लेम’ चालवलं की ती ओळ कुणी लिहिली, कधी लिहिली, त्या वेळी कारण काय दिलं होतं, ते दिसतं. नाव ‘ब्लेम’ असलं तरी त्याचा खरा उपयोग भांडायला होत नाही. ही ओळ बदलायची असेल तर कुणाला विचारायचं, हे त्यातून कळतं. रोजच्या ‘तुम्हाला माहीत आहे का’मध्ये ओळ असते, तिचा इतिहास नसतो. मग ती दुरुस्त करायची सोयही नसते. माझ्या आणि त्या मेसेजच्या सांगण्यातला फरक एवढाच की माझं खोडून काढायला कुठे जायचं ते तुम्हाला आता माहीत आहे. १८६८ मध्ये लॉकियर कुठे होता, १८९८ मध्ये कुठे होता, या दोन नोंदी उघडल्या की माझा निकाल लागतो.

अशी दुरुस्ती ही ज्ञानातली नामुष्की नसते, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारकडे पाहिलं की पटतं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर ज्वालामुखीचं असावं असा समज बराच काळ होता. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथल्या खडकांत प्रचंड आघाताच्याच खुणा सापडल्या आणि ते उल्कापाताचं विवर ठरलं. मग त्याचं वय सुमारे ५२ हजार वर्षं सांगितलं गेलं. पुढे आर्गॉनच्या समस्थानिकांवरून मोजल्यावर उत्तर आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दहापटीहून जास्त. जुना आकडा सांगणाऱ्यांनी थाप मारली नव्हती. त्यांच्या पद्धतीने तेवढं येत होतं. पण आजही फोनवर बऱ्याचदा पन्नास-बावन्न हजारच येतं, कारण निघालेल्या मेसेजला मागून येणारी दुरुस्ती गाठू शकत नाही. शिकलेल्या गोष्टीला तारीख असते. तारखेशिवाय ती घेणं म्हणजे दुधाची पिशवी तारीख न बघता घेण्यासारखं आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. हेलियम कुठेही सापडला तरी कुणाचं काय बिघडतं? विजयदुर्गाचा मेसेज वाचून एखाद्या मुलीला आकाशाचं वेड लागलं, तर तो मेसेज खोटा असूनही उपकारकच नाही का? आणि दिवसभर राबून थकलेल्या माणसाने अर्ध्या मिनिटाच्या गमतीसाठी नोंदी कुठे चाळत बसायच्या?

मुलीचं म्हणणं मी मान्य करतो. कुतूहल कुठूनही सुरू झालं तरी चालतं. सगळं तपासणं अशक्य आहे हेही मान्य. पण काही बिघडत नाही, हे मान्य करता येत नाही. कारण हेलियमचा मेसेज आणि दुसरा कुठलाही मेसेज एकाच पडद्यावर, एकाच टायपात, बहुधा त्याच काकांकडून येतात आणि आपण ते एकाच सवयीने घेतो.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज त्या दिवसांत फोनोफोनी पोचले होते. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं. त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतला मुलांच्या सुरक्षेविषयीचा जनजागृतीचा व्हिडिओ होता. त्यातल्या शेवटी मूल परत आणून देतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. तेवढा शेवट कापून टाकला होता. इथेही रस्ता खरा, मोटारसायकल खरी, मूल खरं होतं. फक्त एक तुकडा गाळलेला होता.

विजयदुर्ग आणि राईनपाडा यांना एका पंगतीत बसवू नये, हे मला कळतं. एकात हसून सोडून देण्यासारखी चूक आहे आणि दुसऱ्यात पाच माणसांचे जीव. पण दोन्हींकडे मन करतं ती क्रिया एकच आहे. आलं, पटलं, पाठवलं. आणि ती क्रिया भीतीच्या क्षणी अचानक सुधारत नाही. शांत वेळी, हेलियमसारख्या निरुपद्रवी गोष्टींवर आपण जे करतो, त्याचीच तेव्हा पुनरावृत्ती होते.

गंमत म्हणजे यावरचा एक छोटा उपाय मराठीत आधीपासून आहे. ‘पाऊस पडला’ आणि ‘पाऊस पडला म्हणे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात मी भिजलोय किंवा निदान खिडकीतून बघितलंय. दुसऱ्यात मी कुणाकडून तरी ऐकलंय आणि तसं कबूल करतोय. अडीच अक्षरांत वक्ता आपल्या ज्ञानाची प्रत सांगून मोकळा होतो. आपल्या आज्या हा शब्द अगदी सहज वापरायच्या: तिकडे सोयरीक जमली म्हणे, त्याची बदली झाली म्हणे. फोनवरच्या वाक्यांतून तो गाळला गेलाय. तिथे कुणीच ‘म्हणे’ लिहीत नाही. तिथे सगळं ‘आहे’ असतं, ‘झालं’ असतं आणि वर ‘तुम्हाला माहीत आहे का’ असतं.

अर्थात नुसतं ‘म्हणे’ पुरत नाही. अफवाही ‘म्हणे’वर स्वार होऊनच हिंडते आणि त्याच्या आडून अंग काढून घेणारेही पुष्कळ असतात: मी कुठे म्हटलं, लोक म्हणतात. म्हणून त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न लागतो: कोण म्हणे? पहिला शब्द स्वतःबद्दल प्रामाणिक ठेवतो, दुसरा गोष्टीच्या मागे चालायला लावतो. ‘विजयदुर्गावर हेलियम सापडला म्हणे’ असं म्हणणारा माणूस चुकीचं बोलत नाही. आणि ‘कोण म्हणे’ असं विचारणारा थोड्या वेळात गुंटूर, वनपर्ती, जेऊर फिरून येतो.

म्हणून रोज एक नवी गोष्ट शिकावी का, याला माझं उत्तर असं आहे. ऐकावी जरूर. रोज ऐकावी, दहा ऐकाव्यात, तो बारीक दिवा लागू द्यावा. पण त्या सगळ्यांना ‘म्हणे’ लावून बाजूला ठेवावं. आणि आठवड्यातून, नाहीतर महिन्यातून, एक गोष्ट उचलून तिच्या मागे जावं. त्या दिवशी काहीच नवीन हाती लागलं नाही तरी चालेल. जुनं एखादं ‘म्हणे’ गळालं किंवा पक्कं झालं तरी तो दिवस शिकण्याचाच. असं महिन्याला एक केलं तर दहा वर्षांत १२० गोष्टी होतील. साडेतीन हजारांपुढे हा आकडा फारच किरकोळ आहे आणि त्यावर कुठलंही ॲप आपली पाठ थोपटणार नाही. पण त्या १२० गोष्टींबद्दल कुणी अडवलं तर आपल्याला उत्तर देता येईल.

विजयदुर्गाचं यात काही नुकसान होत नाही. ओटे तिथेच आहेत. पुढच्या वेळी तिथे कुणी मूल विचारेल, हे कशाचे? तर सांगायला हेलियमच्या शोधापेक्षा मोठी गोष्ट आहे: एका माणसाने घरच्या आकाशात एक पिवळी रेष पाहिली, ती कुठल्याच खात्यात बसेना, तो सत्तावीस वर्षं आपल्या म्हणण्याशी टिकून राहिला आणि खरा ठरल्यावरही, साठी ओलांडल्यावर, पुन्हा तोच सूर्य बघायला बोटीत बसून इथे आला. त्याच सकाळी जेऊरला पुण्याचे एक प्राध्यापक आपली यंत्रं लावत होते. मूल लगेच विचारेल, हे तुला कोणी सांगितलं? त्या प्रश्नावर रागावू नये.